महाविद्यालयातील सहाध्यायी शिकवणी केंद्र : आधी पेपर, मग एसटी, मग मार्गदर्शक

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या तालुक्यांच्या गावांतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याची केंद्रे जुलैत सुरू होतात आणि गणपतीच्या सुट्टीनंतर त्यांच्या खोल्या बहुधा रिकाम्या दिसतात. मुलांना गरज नसते म्हणून असे होत नाही. कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी खोली ठरते, मग उद्घाटनाची तारीख, मग गुणवत्ता यादीतील पहिल्या पाच जणांची नावे, आणि नेमके कोणत्या पेपरसाठी, कोणत्या वेळी, कोणासाठी हे सगळे करायचे आहे, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो.

हा लेख अशा समन्वयक शिक्षकांसाठी आहे, ज्यांच्याकडे स्वतंत्र कर्मचारी नाहीत, निधी तुटपुंजा आहे आणि स्वतःचे तास सांभाळून हे काम करायचे आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पहिले दोन टप्पे एप्रिल-मे महिन्यांत उरकले नाहीत, तर जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत ते होत नाहीत, आणि ते झाले नाहीत तर पुढचे सगळे अंदाजावर चालते.

टप्पा १ : कोणत्या पेपरसाठी, हे आधी ठरवा

गेल्या दोन वर्षांचे सत्रनिहाय निकाल परीक्षा विभागाकडून मागवून घ्यावेत आणि प्रत्येक पेपरपुढे तीन आकडे लिहावेत : किती जण परीक्षेला बसले, किती अनुत्तीर्ण झाले आणि किती जण जेमतेम पास झाले. तिसरा आकडा वगळण्याची चूक सर्रास होते. पास होण्यापुरते गुण मिळवून पुढे गेलेला विद्यार्थी त्याच विषयाच्या पुढच्या पेपरात अडकतो, आणि तेव्हा त्याची गाठ दोन सत्रांच्या न कळलेल्या भागाशी असते.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी परिसरात १९७३ मध्ये सुरू झालेल्या पूरक अध्यापनाच्या पद्धतीत, ज्या अभ्यासक्रमात ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी नापास होतात, अगदी खालच्या श्रेणीत राहतात किंवा मध्येच तो सोडतात, तो अभ्यासक्रम 'अवघड' धरतात आणि मदत त्या अभ्यासक्रमाला जोडतात. विद्यार्थ्याला जोडत नाहीत. आपल्याकडे हाच निकष जसाच्या तसा लावण्याची गरज नाही, पण त्यामागचा विचार जरूर घ्यावा. 'हा पेपर अवघड आहे, म्हणून या पेपरसाठी तास आहेत' असे सांगितले की हुशार मुलेही येतात, आणि ती आली की बाकीच्यांना त्या खोलीत शिरताना संकोच वाटत नाही.

या यादीतून पहिल्या वर्षी तीन किंवा फार तर चार पेपर निवडावेत. वाणिज्य शाखेत लेखाकर्म, विज्ञानात सेंद्रिय रसायनशास्त्र आणि कलनशास्त्र, कला शाखेत अर्थशास्त्रातील आलेखांचा भाग हे बऱ्याच ठिकाणी सापडतील, पण गृहीत धरू नयेत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान शाखेत आलेल्यांची अडचण कित्येकदा विषयाची नसून इंग्रजी प्रश्न वाचण्याची असते. अशी शंका असेल तर दहा उत्तरपत्रिका काढून स्वतः पाहाव्यात. गणित मांडले आहे पण चुकले आहे की मुळात प्रश्नच कळलेला नाही, हे अर्ध्या तासात दिसते.

केटी लागलेल्यांचा गट वेगळा धरावा. ते त्या पेपरच्या वर्गात बसत नसल्यामुळे आठवड्याच्या तासांना येत नाहीत. परीक्षेच्या आधी पाच-सहा आठवड्यांचे स्वतंत्र वेळापत्रक त्यांना उपयोगी पडते. शिवाय २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाल्यामुळे जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी एकाच वेळी परीक्षा देत असू शकतात. नाव सारखे असले तरी पेपर सारखा आहे की नाही, हे अभ्यासक्रमाच्या प्रती शेजारी ठेवून तपासावे.

खबरदारी : महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीच्या कागदपत्रांत 'स्लो लर्नर' आणि 'अॅडव्हान्स्ड लर्नर' असे वर्गीकरण केलेले असू शकते. ते त्या फाइलमध्येच राहू द्यावे. 'स्लो लर्नर' हा शब्द सूचनाफलकावर, वर्गात किंवा व्हॉट्सअॅप गटात एकदा जरी उच्चारला गेला, तरी त्या खोलीत जाणे म्हणजे 'ढ' असल्याची कबुली देणे असा अर्थ मुले लावतात. नापासांची यादी लावून 'खालील विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे' अशी सूचना तर कधीच काढू नये.

टप्पा २ : वेळ ठरवताना घड्याळाआधी एसटीचे वेळापत्रक पाहा

कोकणातील केंद्रे बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि बाहेरच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत ते सापडत नाही. तास संपल्यावर 'तीन ते पाच' अशी वेळ ठेवणे शहरात सोयीचे असेल. वाडीवस्तीतून येणाऱ्या मुलीची परतीची गाडी दीड वाजता असेल आणि त्यानंतरची थेट संध्याकाळची वस्तीची गाडी असेल, तर ती दीडच्या गाडीनेच जाणार, आणि तिने तसेच करावे.

वेळ ठरवण्याची रीत अशी. निवडलेल्या पेपरांच्या वर्गांत एक कागद फिरवावा आणि त्यावर चारच गोष्टी विचाराव्यात : कोणत्या गावाहून येता, सकाळी महाविद्यालयात किती वाजता पोहोचता, परतीची गाडी किती वाजता आहे, आणि ती चुकली तर पुढची कधी आहे. आगाराच्या वेळापत्रकाशी ही माहिती ताडून पाहावी, कारण काही गाड्या केवळ कागदावर असतात आणि ते मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. नंतर एका मोठ्या कागदावर आडवे तास आणि उभी गावे मांडून प्रत्येक गावची मुले कोणत्या वेळी आवारात असतात, तेवढे चौकोन भरावेत.

असा तक्ता केला की बहुधा दोन मोकळ्या वेळा समोर येतात. पहिली सकाळची : रात्री गावात मुक्कामाला असलेली वस्तीची गाडी पहाटे निघते, त्यामुळे तिने येणारी मुले पहिल्या तासाच्या पाऊण-एक तास आधीच पोहोचतात आणि व्हरांड्यात बसून असतात. दुसरी, तास संपल्यापासून दुपारच्या गाडीपर्यंतची, जी मुले एसटी स्टँडवर उभे राहून घालवतात. केंद्राचे मुख्य तास या दोन वेळांतच बसवावेत. वसतिगृहातील आणि गावातच राहणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचा एखादा तास ठेवता येईल, पण तो जोडीचा असावा, मुख्य नव्हे. विज्ञान शाखेत प्रॅक्टिकलच्या तुकड्या आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी असतात. तोही तक्ता शेजारी ठेवावा.

वर्षाचे कॅलेंडरही इथलेच हवे. जुलैत लावणीच्या दिवसांत हजेरी कमी होते. मासेमारी करणाऱ्या घरांतील मुलगे जून-जुलैच्या बंदीच्या काळात मोकळे असतात आणि नारळी पौर्णिमेनंतर त्यांच्या पहाटा बोटीवर जाऊ लागतात. गणपतीत चाकरमानी घरी आले की पुढे-मागे मिळून जवळजवळ पंधरवडा हातातून जातो. दुसऱ्या सत्रात शिमगा आणि आंब्याचा हंगाम परीक्षेच्याच तोंडावर येतात. यावर तक्रार करून काही होत नाही. पहिल्या सत्राचे काम गणपतीपूर्वी पाच-सहा आठवडे आणि नंतर चार आठवडे अशा दोन तुकड्यांत आखावे, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात नवीन भाग न घेता आधीचा भाग पुन्हा करून घ्यावा.

तपासणी : पुढे जाण्यापूर्वी निवडलेल्या प्रत्येक पेपरमागे आठवड्यात किमान दोन अशा वेळा मिळाल्या आहेत का, की ज्या वेळी त्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले कोणतीही गाडी न चुकवता थांबू शकतील? नसतील, तर पेपर कमी करावेत. पण वेळ ओढूनताणून बसवू नये. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी केंद्र आपोआप बंद राहील, हा नियमही आताच लिहून ठेवावा, म्हणजे कोणी मुलगी केवळ नोंद लागावी म्हणून ओढ्याला पाणी चढेपर्यंत थांबणार नाही.

टप्पा ३ : जागा

जागेवर फार वेळ घालवू नये. ग्रंथालयाला लागून असलेली, तळमजल्यावरची, दार उघडे ठेवता येईल अशी, दोन मोठी टेबले आणि एक फळा मावेल अशी खोली पुरते. तळमजला अशासाठी की चालण्यास अडचण असलेल्या विद्यार्थ्याला जिना चढावा लागू नये. प्राचार्यांच्या कार्यालयासमोरची खोली मात्र घेऊ नये. तिथे मुले फिरकत नाहीत. पावसात वीज जाते, म्हणून खिडकीचा उजेड पाहून टेबले लावावीत. बाके समोरासमोर किंवा गोलात असावीत. ती वर्गासारखी ओळीत लावली की मार्गदर्शक आपसूक फळ्यापाशी उभा राहून व्याख्यान देऊ लागतो.

टप्पा ४ : मार्गदर्शकांची निवड

गुणवत्ता यादीतील पहिला क्रमांक हा चांगला मार्गदर्शक असेलच असे नाही. ज्याला एखादी गोष्ट पहिल्याच वेळी समजते, त्याला ती दुसऱ्याला का समजत नाही हे बरेचदा कळत नाही. पहिल्या सत्रात अडखळून नंतर त्याच विषयात चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण पाय कुठे घसरतो ते त्याला आठवत असते. तरीही विषयाचे ज्ञान कच्चे चालणार नाही. त्या पेपरात प्रथम वर्गाइतके गुण आणि त्या विषयाच्या शिक्षकांची लेखी शिफारस या दोन अटी ठेवाव्यात.

निवडीचा क्रम असा ठेवावा. आधी एका पानाचा अर्ज घ्यावा, ज्यात अर्जदाराने स्वतःला त्या विषयात काय अवघड गेले आणि ते कसे सुटले हे लिहायचे आहे. मग शिक्षकांची शिफारस. शेवटी दहा मिनिटांची चाचणी, ज्यात समन्वयक किंवा एखादा विद्यार्थी मुद्दाम ठरावीक चूक केलेले उदाहरण घेऊन बसेल. या चाचणीत उमेदवाराने उत्तर बरोबर सांगितले की नाही, हे पाहायचे नसते. त्याने समोरच्याची वही किती वेळात स्वतःकडे ओढली, आणि पहिले वाक्य प्रश्न होते की उत्तर, एवढेच पाहावे.

प्रत्येक पेपरसाठी दोन मार्गदर्शक हवेत. एक आजारी पडला, घरी लग्नकार्य निघाले किंवा गाडी बंद पडली, तरी दार उघडे राहिले पाहिजे. दोघे एकाच मार्गावरून येणारे नसावेत, म्हणजे एका घाटात दरड कोसळली तर दोघेही अडकणार नाहीत. दोघांपैकी किमान एक मुलगी असावी.

मानधनाचा प्रश्न निवडीपूर्वी सोडवावा. आपल्या महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजना चालू असेल तर तिच्यातून तास भरता येतील का, हे कार्यालयाकडून लेखी घ्यावे. निधी नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि तासांची नोंद असलेले प्रमाणपत्र द्यावे. श्रेयांक देण्याचे आश्वासन विद्यापीठाच्या नियमांत बसते की नाही हे पाहिल्याशिवाय देऊ नये. 'पुढे बघू' या शब्दावर आलेली मुले ऑक्टोबरपर्यंत टिकत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

खबरदारी : एका मार्गदर्शकाला आठवड्याला सहा तासांपेक्षा अधिक काम देऊ नये. त्याची स्वतःची परीक्षाही त्याच दिवसांत असते. मार्गदर्शकाचेच गुण घसरले, तर पुढच्या वर्षी पालक आपल्या मुलांना अर्ज करू देणार नाहीत.

टप्पा ५ : प्रशिक्षण

हा टप्पा एका दुपारच्या चहापाण्यात उरकला जातो, आणि केंद्राचे छोट्या खासगी क्लासमध्ये जे रूपांतर होते ते इथूनच सुरू होते. सहाध्यायी मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन या अमेरिकी संस्थेच्या पहिल्या पातळीसाठी किमान १० तासांचे प्रशिक्षण आणि २५ तासांची प्रत्यक्ष शिकवणी लागते. आपणही १० तासांचा हिशेब धरावा, पण सगळे तास सुरुवातीलाच संपवू नयेत. चार तास केंद्र उघडण्यापूर्वी द्यावेत आणि उरलेले सहा सत्रभर, पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे. प्रत्यक्ष काम केल्यावर जे प्रश्न पडतात ते आधी सांगून समजत नाहीत.

सुरुवातीच्या चार तासांतील निम्मा वेळ एकाच कौशल्याला द्यावा : उत्तर न सांगता विचारणे. उदाहरण घेऊन ते करून दाखवावे. समजा, ₹१,००,००० किमतीच्या यंत्रावर दरवर्षी १० टक्के घसारा उरलेल्या पुस्तकी किमतीवर काढायचा आहे आणि विद्यार्थिनीने दुसऱ्या वर्षीही ₹१०,००० लिहिले आहेत. सवयीने मार्गदर्शक म्हणतो, "अगं, इथे नऊ हजार येतात, हे बघ," आणि वही ओढून स्वतःच खाते पूर्ण करतो. विद्यार्थिनी मान डोलावते, सगळे पटकन होते आणि परीक्षेत तीच चूक पुन्हा होते.

हेच पुढीलप्रमाणे व्हायला हवे :

"दादा, माझं दुसऱ्या वर्षाचं चुकलंय म्हणतात, पण कुठे ते कळत नाही."
"पहिल्या वर्षी घसारा किती काढलास?"
"दहा हजार."
"तो वजा केल्यावर पुस्तकात यंत्राची किंमत किती राहिली?"
"नव्वद हजार."
"मग दुसऱ्या वर्षी दहा टक्के कशाचे काढायचे?"

इथे थांबायचे. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि तोंड बंद ठेवायचे. नव्या मार्गदर्शकाला ही शांतता असह्य होते आणि तिसऱ्या आकड्यालाच तो उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून प्रशिक्षणात ही शांतता घड्याळ लावून अनुभवायला लावावी. विद्यार्थिनीने ₹९,००० काढले की काम संपले असे नाही. तिसऱ्या वर्षाचा घसारा तिने एकटीने काढायचा आणि तो ₹८,१०० का आला हे आपल्या शब्दांत सांगायचे. तेवढे झाल्याशिवाय पुढचे उदाहरण घ्यायचे नाही.

उरलेल्या वेळात मर्यादा स्पष्ट कराव्यात. मार्गदर्शक जर्नल लिहून देणार नाही, आपले जुने जर्नल उतरवायला देणार नाही, सबमिशनचे काम करणार नाही आणि 'परीक्षेला काय येईल' याचा अंदाज सांगणार नाही. कोणत्याही शिक्षकाच्या शिकवण्यावर तो बोलणार नाही. समोरचा बोलू लागला तर विषय उदाहरणाकडे वळवेल. खोलीत कोण आले आणि कोणाला काय आले नाही, हे खोलीबाहेर जाणार नाही. स्वतःला उत्तर येत नसेल तर "मला हे माहीत नाही, उद्या बाईंना विचारून सांगतो" असे म्हणण्याची तालीम प्रत्येकाकडून मोठ्याने करून घ्यावी. चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने सांगणारा मार्गदर्शक केंद्राचे जेवढे नुकसान करतो, तेवढे बंद दारही करत नाही.

भाषेबाबत सक्ती नसावी. मालवणीत किंवा घरच्या बोलीत समजावल्याने मुले मोकळी होतात, ते होऊ द्यावे. मात्र ज्या भाषेत पेपर लिहायचा आहे, त्या भाषेतील संज्ञा आणि निदान एक पूर्ण उत्तर त्याच तासात लिहून घ्यावे. नाहीतर 'समजलं होतं, पण लिहिता आलं नाही' ही तक्रार निकालानंतर येते.

अभ्यासाबाहेरची गोष्ट पुढे आली, म्हणजे घरची अडचण, त्रास देणारे कोणी, किंवा सतत निराश वाटणे, तर मार्गदर्शकाने सल्ला न देता समन्वयकाला सांगावे, आणि तसे सांगणार असल्याचे त्या विद्यार्थ्यालाही कळवावे. अंतर्गत तक्रार समिती आणि रॅगिंगविरोधी समितीचे संपर्क खोलीतच लावलेले असावेत.

तपासणी : प्रत्येक मार्गदर्शकाने समन्वयकासमोर पंधरा मिनिटांची एक पूर्ण बैठक करून दाखवावी. तीत विद्यार्थ्याच्या हातातील पेन मार्गदर्शकाने एकदाही घेतले नसेल, तरच त्याचे नाव वेळापत्रकात घालावे.

टप्पा ६ : एका तासाचा क्रम

गटात तीन ते सहा जण असावेत. सहाच्या पुढे गेले की दोन टेबले करावीत. मार्गदर्शक एकच असेल तर एका टेबलाने सोडवायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, असे आळीपाळीने चालवावे.

पहिली पाच मिनिटे आज काय हवे ते ठरवण्यात जावीत. "मला काहीच येत नाही" हे उत्तर स्वीकारू नये. वर्गातील वही उघडायला सांगावी आणि शेवटची समजलेली ओळ दाखवायला सांगावी; तिच्यापासून सुरुवात करावी. वहीच आणली नसेल तर ग्रंथालयातून पाठ्यपुस्तक आणून तो भाग वाचायला लावावा. पुढची पस्तीस-चाळीस मिनिटे प्रत्यक्ष सोडवण्याची. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने एक नवे उदाहरण एकट्याने करायचे आणि घरी काय करणार ते वहीत लिहायचे. गाडीची वेळ जवळ आली की हीच शेवटची दहा मिनिटे कापली जातात. म्हणून गाडीपूर्वी वीस मिनिटे तास संपेल अशी आखणी करावी आणि मार्गदर्शकाने घड्याळासमोर बसावे.

टप्पा ७ : केंद्र उघडणे

उद्घाटन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाल-श्रीफळ आणि फीत यांत एक दिवस जातो, छायाचित्रे चांगली येतात आणि विद्यार्थ्यांना हा आणखी एक कार्यक्रम वाटतो. त्याऐवजी त्या पेपरच्या शिक्षकांनी आपल्या तासाची शेवटची पाच मिनिटे द्यावीत, मार्गदर्शकाला वर्गात उभे करावे आणि एकच वाक्य सांगावे : "या प्रकरणाची पाच उदाहरणे उद्या सकाळी पहिल्या तासाआधी केंद्रात सोडवली जातील, जमेल त्यांनी या." कोणते प्रकरण, कोणती उदाहरणे, किती वाजता, हे ठोस सांगितले की मुले येतात. 'अडचण असेल तर या' असे सांगितले की कोणीच येत नाही, कारण अडचण आहे हे कबूल करायला कोणाला आवडते?

पहिले तीन आठवडे हजेरी फार कमी असेल. मार्गदर्शक एकटाच बसलेला असेल तरी त्याने ठरलेली वेळ पूर्ण बसावे आणि दार उघडे ठेवावे. दोनदा येऊन कुलूप पाहिलेला विद्यार्थी तिसऱ्यांदा येत नाही, आणि तो आपल्या वाडीतल्या चौघांनाही तसेच सांगतो.

पहिल्या अंतर्गत चाचणीनंतरचा आठवडा सर्वांत महत्त्वाचा. त्या आठवड्यात शिक्षकांनी तपासलेले पेपर परत देताना केंद्राची वेळ पुन्हा सांगावी, आणि चाचणीत ज्या प्रश्नावर अधिक जण चुकले तोच प्रश्न केंद्रात घ्यावा.

टप्पा ८ : नोंदी आणि देखरेख

एकच नोंदवही ठेवावी. तारीख, हजेरी क्रमांक, पेपर, घटक, आल्याची आणि गेल्याची वेळ, मार्गदर्शकाची सही आणि शेवटी एक ओळ : काय जमले, काय राहिले. ही शेवटची ओळच खरी नोंद आहे, आणि नेमकी तीच कोरी सोडली जाते. गुगल फॉर्म किंवा क्यूआर कोड वापरायला हरकत नाही, पण पावसात रेंज गेली की नोंदी बुडतात. त्यामुळे मूळ नोंद कागदावरच असावी आणि आठवड्यातून एकदा तिची छायाचित्रे काढून ठेवावीत. खोली तळमजल्यावर असली तरी नोंदवही वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवावी. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. ओल धरून पाने चिकटतात, म्हणून वही कव्हर घातलेली, बांधणीची असावी.

समन्वयकाने पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे मागच्या बाकावर बसावे आणि नंतर मार्गदर्शकाशी एकांतात बोलावे. विद्यार्थ्यांसमोर दुरुस्ती करू नये.

नोंदवहीचा दुसरा उपयोग शिक्षकांना होतो. एका घटकावर पंधरवड्यात बरेच जण अडले, तर तो भाग वर्गात पुन्हा घेण्यासारखा असतो. मात्र हे सांगण्याची रीत महत्त्वाची आहे. नावे न घेता, लेखी न देता, समन्वयकाने स्वतः शिक्षकखोलीत सांगावे. हीच गोष्ट प्राचार्यांकडे अहवाल म्हणून गेली की ती तक्रार ठरते, आणि तो विभाग पुढे एकही विद्यार्थी केंद्राकडे पाठवत नाही.

टप्पा ९ : उपयोग झाला का, हे कसे पाहावे

'केंद्रात आलेल्यांपैकी इतके टक्के पास झाले' हा आकडा अहवालात छान दिसतो, पण त्यातून फारसे काही कळत नाही. स्वतःहून येणारी मुले मुळात धडपडी असतात. केंद्र नसते तरी त्यांतील काही पास झालीच असती. म्हणून पहिल्या अंतर्गत चाचणीत साधारण सारखे गुण मिळालेल्यांचे दोन गट करावेत : केंद्रात तीन किंवा अधिक वेळा आलेले, आणि अजिबात न आलेले. सत्रपरीक्षेत दोन्ही गटांचे त्या पेपरातील गुण शेजारी मांडावेत. तरीही धडपडीचा फरक पूर्णपणे वजा होत नाही, आणि गटात दहा-पंधराच जण असतील तर एक-दोघांच्या गुणांनी चित्र बदलते. तेव्हा टक्केवारी न लिहिता सरळ संख्या लिहावी.

याशिवाय दोन साध्या गोष्टी मोजाव्यात. एकदाच येऊन परत न आलेले किती, आणि कोणत्या गावांतून एकही जण आला नाही. पहिली संख्या मोठी असेल तर दोष बहुधा प्रशिक्षणात असतो, आणि दुसरी मोठी असेल तर वेळापत्रकात. एकदाच आलेल्या चार-पाच जणांना समन्वयकाने स्वतः विचारावे. मार्गदर्शकाला विचारायला लावले, तर "गाडी चुकत होती" हेच उत्तर मिळेल, मग कारण काहीही असो.

टप्पा १० : सत्राअखेर आणि पुढची तयारी

पुढच्या वर्षीच्या मार्गदर्शकांचे अर्ज फेब्रुवारीत घ्यावेत. मार्चमध्ये परीक्षेचे वातावरण असते आणि जूनमध्ये तृतीय वर्षाचे विद्यार्थी निघून गेलेले असतात. जाणाऱ्या मार्गदर्शकाने आपल्या पेपरबाबत एक पान लिहून द्यावे : मुले कोणत्या घटकात अडतात, कोणता प्रश्न विचारला की वाट सापडते, कोणते उदाहरण आधी घेऊ नये. निवडलेल्या नव्या मार्गदर्शकाला परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या दोन तासांना शेजारी बसवावे. चार तासांच्या प्रशिक्षणात जे सांगावे लागते, त्यातील बरेच तो तिथे पाहून शिकतो.

मानधनाची देयके परीक्षा सुरू होण्यापूर्वी कार्यालयात द्यावीत आणि प्रमाणपत्रांवर तासांची संख्या नोंदवहीशी ताडून घालावी. अभ्यासक्रम बदलला असेल तर मार्गदर्शकांनी लिहून दिलेल्या पानांवर वर्ष आणि अभ्यासक्रमाची रचना लिहावी. उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी नोंदवही, ती पाने, गावनिहाय गाड्यांचा तक्ता आणि खोलीची किल्ली ग्रंथपालांकडे सोपवून पोच घ्यावी. एसटीच्या वेळा मे अखेरीस आगारात जाऊन पुन्हा तपासाव्यात आणि त्यानंतरच जूनचे वेळापत्रक छापायला द्यावे.